नाळ कापायची एवढी घाई कशाला?

मंडळी, मागच्या अंकातल्या सोलर मीटरच्या लेखावर बरेच प्रश्न आले आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या वेळी नक्की देतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. घरात दोन महिन्यांपूर्वी दुसरं बाळ आलं आहे आणि रात्रीचे अडीच ते साडेतीन हा माझा वाचन-लेखनाचा नवा वेळ झाला आहे, त्यामुळे विषयही त्याच खोलीतला.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि दर वर्षी भाषणात ते एक वाक्य असतंच. बडोद्यात पाच-सहा पिढ्या काढूनही तुम्ही महाराष्ट्राच्या मातीशी असलेली नाळ तुटू दिली नाही, वगैरे. टाळ्या होतात. दोन वर्षांपूर्वी हे वाक्य आलं तेव्हा माझी आजी शेजारच्या खुर्चीत होती. वय ८६, कान अजून तिखट. ती पुटपुटली, "तुटू नये म्हणे! कापल्याशिवाय पोर वाढायचं कसं?" मी हसलो. पण तेव्हा आमच्या घरी खऱ्याखुऱ्या नाळेचा विषय चालू होता, आणि आजीच्या वाक्यात मला एक शब्द घालावासा वाटला : कापायची आहेच, पण कधी?

आमची मोठी मुलगी २०१९ सालची. बाळंतपण नॉर्मल, वजन ३ किलोच्या जरा खाली, आली तीच रडत. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये कुठल्या तरी फॉर्मवर सह्या करत होतो. बायको सांगते, बाळ बाहेर आलं, आणि तिने मान उचलून बघेपर्यंत चिमटे लावून नाळ कापून झाली होती आणि बाळ पलीकडच्या टेबलावर होतं. पाच सेकंद असतील, दहा असतील. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सिनेमात असंच दाखवतात.

पोर दहा महिन्यांची झाली तेव्हा चिडचिडी झाली. खाताना थकायची. आईला वाटलं दात येतायत. मग एक दिवस ती भिंतीचा सुटलेला पोपडा तोंडात घालताना सापडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाळांच्या डॉक्टरांनी तिच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, तळहात बघितले आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ८.४. या वयात ते निदान ११ असावं असं तेव्हा धरत.

लोहाचे थेंब सुरू झाले. ज्यांनी ते दिले असतील त्यांना माहीत आहे : शी काळी होते, झबल्यांवरचे डाग जन्मात जात नाहीत, आणि चमचा जवळ आला की पोर तोंड शिवल्यासारखं बंद करतं. तीन महिने हे युद्ध चाललं. पोर सुधारली, आज ती पहिलीत आहे आणि घर डोक्यावर घेते. पण त्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलेले तीन प्रश्न माझ्या डोक्यात राहिले. गरोदरपणात आईचं हिमोग्लोबिन किती होतं? बाळाला गाईचं दूध कधीपासून देताय? आणि जन्माच्या वेळी नाळ लगेच कापली की थांबून?

पहिल्याचं उत्तर : ९ च्या आसपास. गोळ्या लिहून दिल्या होत्या, पोटात गोळा यायचा म्हणून बायकोने निम्म्या खाल्ल्या नाहीत. दुसऱ्याचं उत्तर : सातव्या महिन्यापासून, भरपूर, कारण आमच्या घरात दूध म्हणजे ताकद. (वर्षाच्या आत वरचं दूध जास्त दिलं की पोट तेवढ्यानेच भरतं, त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे थोडं थोडं रक्तही जातं. हे आम्हाला तेव्हा कळलं.) तिसऱ्याचं उत्तर डिस्चार्जच्या कागदावर कुठेच नव्हतं. तेव्हा सगळं खापर मी त्या नर्सिंग होमवर फोडणार नाही. तीनपैकी दोन गोष्टी आमच्याच होत्या. पण तिसरी गोष्ट अशी होती की तिला ना पैसा लागणार होता, ना औषध, ना मशीन. फक्त थांबायचं होतं.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे वाचायला बसलो.

पोटात असताना बाळाचं रक्त फक्त बाळात नसतं. ते नाळेतून वारेत जातं, तिथून परत येतं. बाळ आणि वार मिळून जे रक्त असतं ते बाळाच्या वजनाच्या किलोमागे साधारण ११० मिलिलिटर धरतात. ३ किलोच्या बाळाचं झालं ३३०. जन्माच्या क्षणी त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग अजून वारेतच असतो. बाळ बाहेर आलं म्हणून वार लगेच बंद पडत नाही. नाळेला ठोके असतात, बाळ श्वास घ्यायला लागतं, फुप्फुसं उघडतात, तिथल्या रक्तवाहिन्यांना रक्त हवं असतं, आणि ते नाळेतल्या शिरेतून येत राहतं. पहिल्या मिनिटात साधारण ८० मिलिलिटर, तीन मिनिटांत १०० च्या आसपास. मग नाळ आपली आपण पांढरी, लुळी पडते.

१०० मिलिलिटर म्हणजे अर्धा कप चहा. ऐकायला काहीच नाही. पण ३३० पैकी १०० म्हणजे मोठ्या माणसाच्या हिशेबाने दीड लिटर. रक्तदान शिबिरात आपण ३५० मिलिलिटर देतो आणि वर बिस्किट-कॉफी घेऊन पंधरा मिनिटं आडवे होतो.

आता लोहाचा हिशेब. हा मी औषधाच्या बिलाच्या मागे केला होता, ते बिल अजून आहे. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन १६ च्या आसपास असतं, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १६ ग्रॅम. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये जवळजवळ ३.४ मिलिग्रॅम लोह. गुणाकार केला, ५४ मिलिग्रॅम. पूर्ण दिवसांचं ३ किलोचं बाळ जन्मतः सगळं मिळून सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात घेऊन येतं, हे लक्षात घेतलं तर ५४ हा आकडा लहान नाही.

आईच्या दुधात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, ०.३ ते ०.४ इतकंच. म्हणजे हे ५४ मिलिग्रॅम दुधातून मिळवायचे तर दीडशे लिटर दूध लागेल, आणि तेही सगळं शोषलं गेलं असं धरून. कृपा करून यातून आईचं दूध कमी पडतं असा अर्थ कुणी काढू नका. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचंच दूध द्यायचं, यात काहीही बदल नाही. मला एवढंच दिसतं की लोहाचा साठा दुधातून नाही, तर आधीच अंगातून न्यायचा असतो. सहा महिने पुरेल एवढी शिदोरी बांधून दिलेली असते, आणि आपण ती दारातच काढून घेतो. काढून घेतो आणि वारेबरोबर पिवळ्या पिशवीत टाकून देतो.

तुम्ही म्हणाल, बिलाच्या मागचा हिशेब ठीक आहे, प्रत्यक्षात फरक पडतो का? मेक्सिको सिटीत साडेचारशेवर आई-बाळांच्या जोड्यांवर झालेला एक अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या बाळांची नाळ लगेच कापली, निम्म्यांची दोन मिनिटांनी. सहाव्या महिन्यात थांबून कापलेल्या बाळांच्या अंगात २७ ते ४७ मिलिग्रॅम जास्त लोह असल्याचा अंदाज निघाला. बाळाची महिना-दोन महिन्यांची गरज त्यात भागते. ज्यांच्या आयांमध्येच लोह कमी होतं अशा बाळांना फायदा अधिक झाला. म्हणजे बरोबर आमच्यासारख्या घरांना.

स्वीडनमधल्या हाल्मस्टाडला ४०० बाळांवर हाच प्रयोग झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. तीन मिनिटं विरुद्ध दहा सेकंद. चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता लगेच कापलेल्यांमध्ये ५.७ टक्के, थांबून कापलेल्यांमध्ये ०.६ टक्के. त्यातल्याच मुलांना चार वर्षांनी पुन्हा बोलावून पाहिलं तर बुद्ध्यांकात फरक नव्हता, पण बोटांच्या बारीक कामात, पेन्सिल धरणं वगैरे, थांबून कापलेली मुलं थोडी पुढे होती, विशेषतः मुलगे. मी हे बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, तुझी नाळ नक्की दोन सेकंदांत कापली असणार. माझं अक्षर तिने पाहिलेलं आहे.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो काठमांडूचा अभ्यास, कारण तिथली बाळं आपल्या बाळांसारखी. ५४० बाळं, २०१७ साली प्रसिद्ध. एका मिनिटाच्या आत कापणं विरुद्ध तीन मिनिटांनंतर. आठव्या महिन्यात रक्त कमी असलेली बाळं पहिल्या गटात ८२ टक्के, दुसऱ्या गटात ७३ टक्के. लोहाची कमतरता ३८ वरून २२ टक्क्यांवर. हे आकडे दोनदा वाचा. फायदा आहे, शंकाच नाही. पण थांबूनसुद्धा शंभरातल्या ७३ बाळांचं रक्त कमीच होतं. तीन मिनिटांनी सगळे प्रश्न सुटत नाहीत. आईचं गरोदरपणातलं जेवण, गोळ्या, सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार हे सगळं आहेच.

आपल्याकडची परिस्थिती तर सांगायला नको अशी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. महाराष्ट्रात ६८.९. आणि आपल्या गुजरातेत ७९.७. होय, दर पाचांतली चार. हा आकडा मी मंडळाच्या वॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तेव्हा एक काका म्हणाले, हे गावाकडचं असणार. शहरातली घरं यातून सुटलेली नाहीत काका, माझंच घर त्यात होतं, आणि आमच्या घरात तूप कधी संपत नाही.

मग घाई आली कुठून? हे शोधताना मला मजा आली. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर होते. त्यांनी 'झूनोमिया' या ग्रंथात, १८०१ च्या आवृत्तीत, स्पष्ट लिहून ठेवलं आहे की नाळ फार लवकर बांधून कापणं बाळाला अपायकारक आहे, बाळाने नीट श्वास घ्यावा, नाळेचे ठोके थांबावेत, मग कापावी. म्हणजे ही काही कालची टूम नाही. पुढे विसाव्या शतकात बाळंतपणं इस्पितळात गेली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्यासाठी १९६० च्या दशकापासून एक ठरीव पद्धत रुळली : बाळ येताच आईला इंजेक्शन, लगेच नाळेला चिमटा, आणि मग नाळ हलकेच ओढून वार काढणं. या पद्धतीने असंख्य आया वाचल्या, ते खरंच आहे. पण वाचवत होतं ते मुख्यतः इंजेक्शन. चिमट्याच्या घाईचा रक्तस्राव थांबण्याशी संबंध नव्हता, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

आमच्या धंद्यात याला नवल नाही. वीस वर्षं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी ओळ असते. का लिहिली, कुणाला ठाऊक नसतं. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. पण सगळं नीट चाललंय ना, मग कोण हात लावणार? ती ओळ तशीच पुढच्या पिढीकडे जाते.

आता मात्र ती ओळ कागदावर तरी बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ एक मिनिटाच्या आत कापू नका, एक ते तीन मिनिटं थांबा. आपल्या सरकारच्या २०१८ च्या 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात नाळ उशिरा कापण्याचा थेट उल्लेख आहे. म्हणजे २०१९ मध्ये माझी मुलगी जन्मली तेव्हा नियम होता. खोलीत पोचला नव्हता.

आजीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, यात नवं काय? तिच्या वेळी सुईण वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसे. हे ऐकून 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणायचा मोह होतो, पण आजीनेच तो मोडला. तिच्या पाठचा भाऊ आठव्या दिवशी गेला. अंग ताठ व्हायचं, दूध ओढता येईना. विळ्याने कापलेली नाळ आणि त्यावर लावलेली राख. धनुर्वात. थांबायचं सुईणीला कळत होतं, हत्यार उकळायचं कळत नव्हतं. इस्पितळाने हत्यार उकळलं आणि थांबणं सोडून दिलं.

आता दुसऱ्या वेळची गोष्ट. या वेळी गोळ्या मी स्वतः मोजून देत होतो, जेवणानंतरचा चहा दीड तास पुढे ढकलला होता (चहाने लोह शोषलं जात नाही, आणि चहाशिवाय माझी बायको माणसात येत नाही, तेव्हा ही तडजोड), जोडीला लिंबू. तिसऱ्या महिन्यात ९.२ असलेलं हिमोग्लोबिन आठव्यात १०.९ झालं. आईचे हळिवाचे लाडू होतेच. श्रेय कुणाचं यावर घरात अजून दोन पक्ष आहेत.

सातव्या महिन्यात दवाखान्याच्या बाकावर एक टाय लावलेला तरुण भेटला. नाळेतल्या रक्तातल्या स्टेम सेल साठवून ठेवणाऱ्या कंपनीचा. गुळगुळीत पुस्तिका, बाळाचा हसरा फोटो, आणि एका स्कूटरएवढा आकडा, हप्त्यांची सोय. बाळाला पुढे मोठा आजार झाला तर? तुम्ही आयटीत आहात सर, बॅकअपचं महत्त्व तुम्हाला काय सांगायचं! वाक्य चांगलं होतं, मी कबूल करतो. मी एकच विचारलं : आम्ही तीन मिनिटं थांबून नाळ कापणार आहोत, मग तुम्हाला किती मिळेल? तो जरा अडखळला. मग म्हणाला, त्यासाठी लगेच कापलेली बरी, सर.

म्हणजे बाळाला आज मिळणारं त्याचंच रक्त काढून घ्यायचं आणि उद्याच्या भीतीपोटी फ्रीजमध्ये ठेवायचं. आयसीएमआर आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोन्हींनी खासगी साठवणुकीच्या या 'विम्या'ला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलेलं आहे. स्वतःचंच साठवलेलं रक्त पुढे स्वतःला उपयोगी पडायची शक्यता फारच थोडी, आणि आनुवंशिक आजार असेल तर दोष त्या रक्तातही असतोच. घरात आधीच एखाद्या मुलाला असा आजार असेल ज्यावर भावंडाच्या पेशींनी उपचार होऊ शकतो, तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांशी बोलूनच ठरवायची. बाकीच्यांनी स्कूटर घ्यावी.

आमच्या डॉक्टरबेनकडे विषय काढताना मला धाकधूक होती. इंटरनेट वाचून आलेला नवरा हा प्राणी डॉक्टरांना किती आवडतो हे मला ठाऊक आहे. क्लायंट जेव्हा मला कोड कसा लिहायचा ते सांगतो तेव्हा माझंही तेच होतं. म्हणून कागद न काढता फक्त विचारलं, बाळ ठीक असेल तर नाळ कापायला थोडं थांबता येईल का? त्या म्हणाल्या, हो, मी थांबतेच, पण घाईत स्टाफकडून राहून जातं, फाइलवर लिहून ठेवूया. आणि लाल पेनने लिहिलं. मग त्यांनी मला चार गोष्टी ऐकवल्या, त्या तुम्हीही ऐका.

बाळ रडलं नाही, श्वास घेईना, तर त्या थांबणार नाहीत. तिथे हवा आधी. आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, वार आधीच सुटली असेल, नाळ फाटली असेल, तरी थांबणार नाहीत. तो निर्णय त्या क्षणी त्यांचा, आणि तेव्हा तुम्ही मोबाइलवर सेकंद मोजत मध्ये उभं राहायचं नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाळंतपणात असंच झालं होतं, बाळ निळं पडलेलं, नाळ ताबडतोब कापली, बाळ वाचलं. तिथे कुणी तीन मिनिटांचा हट्ट धरला असता तर? सिझर झालं तरी बहुतेक वेळा मिनिटभर थांबता येतं. आणि दिवस भरण्याआधी आलेल्या बाळांना तर थांबण्याचा फायदा जास्तच, त्यांच्या बाबतीत प्रश्न नुसत्या लोहाचा नसून जगण्या-वाचण्याचा असतो.

आईची शंका काविळीची होती. जास्त रक्त, म्हणजे जास्त कावीळ. शंका चुकीची नाही. २०१३ साली पूर्ण दिवसांच्या जवळजवळ चार हजार बाळांवरचे १५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा निळ्या दिव्याखाली ठेवायला लागलेली बाळं लगेच कापलेल्यांमध्ये शंभरात तीनच्या आत, थांबून कापलेल्यांमध्ये पाचच्या आत अशी निघाली. थोडी जास्त. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाला उजेडात नीट बघायचं, पिवळं वाटलं तर तपासायचं. दुसरी शंका बाळ गारठेल ही. त्यावर उपाय सोपा : बाळ पुसून आईच्या पोटावर-छातीवर ठेवायचं, वरून कोरडं कापड. पूर्वी समजूत होती की रक्त खाली वाहावं म्हणून बाळ वारेच्या खालच्या पातळीवर धरायला हवं. अर्जेंटिनात २०१४ मध्ये बाळांची वजनं करून पाहिलं, आईच्या पोटावर ठेवलेल्या बाळांनाही तेवढंच रक्त मिळतं.

प्रसूतीच्या दिवशी मला आत येऊ दिलं. पहाटे ४ वाजून १० मिनिटं. मुलगा झाला, रडला, आणि डॉक्टरबेननी त्याला पुसून तसाच बायकोच्या पोटावर ठेवला. मी पहिल्यांदाच नाळ बघितली. मला वाटायचं दोरीसारखी असेल. ती निळसर, चकचकीत, पीळ पडलेली, बोटभर जाड होती आणि हलत होती. म्हणजे खरंच ठोके दिसत होते. सिस्टरचा हात सवयीने चिमट्याकडे गेला. डॉक्टरबेन म्हणाल्या, "ऊभा रहो, बेन." सिस्टर थांबली. खोलीत कुणालाच काही काम नव्हतं. मी आयुष्यात इतकी लांब तीन मिनिटं बघितलेली नाहीत. बायको बाळाच्या डोक्यावर हात ठेवून होती आणि मला म्हणाली, "अरे, फोन काय बघतोस, इकडे बघ."

मी फोन खिशात ठेवला. ठोके मंद झाले, मग दिसेनासे झाले, नाळ पांढरी आणि सपाट झाली. मग चिमटा.

सहा महिने पूर्ण झाले की त्याला लोहाचं सरबत सुरू होईल, सरकारी वेळापत्रकात आहे ते : आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. गाईचं दूध वर्षाआधी नाही, हे मी फ्रीजवर चिकटवलं आहे. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन तपासू. ते चांगलं आलं तरी मी 'बघा, तीन मिनिटांचा परिणाम' असं म्हणणार नाही. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, आणि या वेळी आम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आहेत. पण तुमच्या घरात कुणाला सातवा-आठवा महिना असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, आणि फाइलवर लिहून घ्या. कळा सुरू झाल्यावर विचारू नका, तेव्हा कुणी ऐकत नाही.

नाळेचा सुकलेला तुकडा सातव्या दिवशी पडला. आईने तो कापसात गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवला. मोठीने विचारलं, माझा कुठे आहे? आईने डबी पुन्हा उघडली, आत दुसरी पुडी होती, वर तिचं नाव. मग तिने विचारलं, बाबांचा? आई म्हणाली, दांडिया बाजारच्या जुन्या घराच्या अंगणात पुरला होता, तिथे आता पार्किंग आहे. रविवारी मोठी मला ते पार्किंग बघायला घेऊन जाणार आहे.